चेअरमनच्या नावाची सुपारी

रिकामा वेळ मिळाला की माणूस एकतर राजकारणात पडतो, नाहीतर देवाधर्माला लागतो. बद्रीनाथअण्णांनी ठरवून दोन्ही टाळलं आणि घसरगाडी बांधायला घेतली, तर तिनं त्यांना दोन्हींत एकदमच नेऊन पाडलं. नशीब म्हणतात ते हेच.

घसरगाडी हा शब्द शेजारच्या आश्रुबाचा. खोक्यावर तिचं नाव रोलर कोस्टर असं होतं. पुण्याच्या नातीचे जुने प्लास्टिकचे ठोकळे ते. नात मोठी झाली म्हणून सुनेनं टाकायला काढले, आणि कुणी काही टाकताना दिसलं की अण्णांच्या बायकोचा, विमलबाईंचा हात आपोआप पिशवीकडं जातो. खोक्यावरच्या चित्रात उंच चढण होती, मग पोटात गोळा आणणारा उतार, मग वळसा, आणि त्यावरून मोटरीच्या जोरावर पळणारी इवलीशी गाडी. आत मात्र निम्मेच ठोकळे होते, रूळ चारदोन, आणि मोटर तर नव्हतीच. अण्णांनी नुसतं खोकं उघडून बघितलं होतं, मनात काही नव्हतं. तेवढ्यात मुलाचा फोन आला आणि विमलबाईंनी त्याला घरातली हकिगत सांगितली. पलीकडून मुलगा हसला आणि म्हणाला की बाबांना म्हणावं नाद सोडा, त्यांना ते जमायचं नाही.

आता हे वाक्य साध्या माणसानं ऐकलं असतं तर चहा पिऊन विसरला असता. अण्णा साधे नव्हते. ते सेक्रेटरी होते.

वाडीच्या जलसमृद्धी दूध उत्पादक सहकारी संस्थेचे सेक्रेटरी. दुधाच्या संस्थेच्या नावात जल कशाला, यावर आसपासच्या गावांनी जे बोलायचं ते पूर्वीच बोलून घेतलं होतं. त्या वर्षी मात्र जलही नव्हतं आणि दूधही. पालीच्या धरणाच्या तळातल्या गाळाला माणसाचा पाय जाईल अशा भेगा पडलेल्या. जनावरं चारा छावणीत गेली आणि जनावरांमागं माणसंही तिकडंच राहायला गेली. वाडीत उरली ती म्हातारी, टँकरची वाट बघणारी पिंपं आणि गल्लीतून एकटंच हिंडणारं ऊन. भर दुपारी कुलूप घातलेल्या एखाद्या घरात भांडं पडल्याचा आवाज यायचा. कुणी उठून बघायला जात नसे. मांजर असंल, असं म्हणायचं आणि कूस बदलायची. वाडीतली मांजरं कधीच निघून गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

संस्थेत दूध घालणारं एकच माणूस उरलं होतं, तुळजाबाई. संस्थेचे चेअरमन सुंदरराव गेल्या चैत्रात वारले, त्यांची ही बायको. तिच्या दावणीला एक गाय तेवढी राहिली होती. रोज सकाळी ती किटली घेऊन यायची, दूध ओतायची आणि अवाक्षर न बोलता जायची. अण्णा त्या दुधाचं फॅट काढायचे, गंभीर चेहऱ्यानं माप लिहायचे आणि शटर ओढून घ्यायचे. तालुक्याहून कळवलं होतं की सलग महिनाभर थेंबही दूध आलं नाही तर संस्था मोडीत काढण्यात येईल. म्हणजे संस्था उभी होती ती एका गाईच्या चार पायांवर, आणि अण्णा उभे होते संस्थेवर. मुलगा पुण्याला या म्हणायचा. विमलबाईंनी न्यायची लुगडीसुद्धा वेगळी काढून ठेवली होती. 'संस्था हाय तवर मला हलता येत न्हाई,' हे अण्णांचं ठरलेलं उत्तर. संस्था नसली तर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आपण कोण, या प्रश्नाची त्यांना खरोखर भीती वाटायची.

तर संकलन केंद्रातल्या लांब टेबलावर बांधकाम सुरू झालं. ठोकळे पुरेनात म्हणून चढणीखाली दुधाचे रिकामे कॅन आले. रुळांना ठिबकच्या नळ्या घेतल्या. शिवारभर ठिबक अंथरलेलं होतं आणि त्यातून ठिबकायला काही नव्हतं. चाकांना जनावरांच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं बसली. फॅट मोजायच्या काचनळ्यांचा स्टँड आडवा टाकून त्याचा पूल केला. राहता राहिला गाडी चढणीवर ओढून नेणारा दातेरी पट्टा. त्यावर बराच विचार करून अण्णा घरी गेले आणि म्हणाले, "विमल, तुझी चेन दे बरं."

विमलबाईंचे दोन्ही हात गळ्याशी गेले. संसारात नवऱ्यानं चेन मागण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी आधी दार लोटून घेतलं आणि मग दबक्या आवाजात कुणाच्या जिवाचं काही बरंवाईट आहे का असं विचारलं. अण्णांना बॅगेची चेन पाहिजे होती, पुण्याला न्यायच्या मोठ्या बॅगेची. ती त्यांनी बसल्या बैठकीला उसवून नेली. त्यापेक्षा गळ्यातली दिली असती तर परवडलं असतं, असं विमलबाई म्हणाल्या. बॅग तेव्हापासून कपाटावर आ वासून पडून राहिली.

आश्रुबा पायरीवर बसून सल्ला द्यायचा. जन्मभर त्यानं शेळ्या राखल्या होत्या, त्यामुळं चढउताराच्या बाबतीत आपल्याला विचारलं पाहिजे अशी त्याची समजूत होती. एवढ्या उभ्या उतारावरून शेळीसुद्धा उतरत नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग त्यानं गाडी जाते कुठं ते विचारलं. कुठंच नाही, फिरून तिथंच येते, असं अण्णा म्हणाले. त्यावर मग आपली एसटी काय वाईट हाय, असं म्हणून त्यानं बिडी पेटवली. अण्णांनी हा अपमान गिळला. मोठी कामं करणाऱ्याला असले अपमान गिळावेच लागतात.

मोटर दिली फाट्यावरच्या गॅरेजवाल्या सिदूनं. भंगारातल्या एका जीपच्या वायपरची, पण एकदम नव्यासारखी. पाऊसच नाही तर वायपर झिजणार कुठून? अण्णा खुशीत निघाले, तेव्हा सिदूनं मागून सांगितलं की चेअरमनसाहेबांच्याच जीपची हाय, सांभाळून वापरा. अण्णा थबकले. सुंदरराव त्याच जीपमध्ये, स्टिअरिंगवर हात ठेवून, टँकरची वाट बघता बघता गेले होते. लोकांना वाटलं डुलकी लागली. टँकर आला, पाणी वाटून झालं, आणि मग कुणीतरी त्यांना उठवायला गेलं. अण्णांना ती मोटर परत द्यावीशी वाटली. पण दुसरी नव्हती, आणि मुलाचं हसणं कानात होतं. बॅटरी त्यांनी व्हाइस चेअरमन सुग्रीवच्या उभ्या ट्रॅक्टरची मागून आणली.

गाडी पहिल्यांदा चालली ती भर दुपारी, केंद्रात अण्णा एकटे असताना. त्यांनी बटण दाबलं. मोटर आधी 'हं' करून खाकरली आणि मग घरघरायला लागली. अण्णांनी चटकन मागं वळून बघितलं. एखादा ठराव पाडायचा असला की सुंदरराव नेमके असेच खाकरत. पुढं बोलायची गरजच पडत नसे. गाडी टिकटिक करत चढणीवर गेली, वरून सुटली, वळसा घेतला, पायथ्याला आली. कायदेशीर बोलायचं तर प्रयोग यशस्वी झाला होता. अण्णांनी बटण बंद केलं.

गाडी थांबली नाही. तिनं आणखी एक फेरी मारली, सावकाश, आणि आपल्या जागेवर येऊन मगच थांबली. तापलेल्या मोटरीतून जर्द्याचा वास यायला लागला. सुंदररावांच्या डबीतल्या जर्द्याचा.

अण्णांनी फोन लावला. सिदू म्हणाला, वायपरचं तसंच असतं, बटण बंद केलं तरी मधे थांबत नाही, आपल्या जागी जाऊनच थांबतो. अण्णांना हे एकदम पटलं. जर्द्याच्या वासाचं त्यांनी विचारलं नाही. गॅरेजवाल्याला त्यातलं काय कळणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि शटर नेहमीपेक्षा जरा लवकर ओढलं.

यापुढं जे झालं ते एका शब्दानं झालं. गाडी हलकी होती, वळणावर रुळावरून उडायची. वजन पाहिजे होतं. अण्णांनी खडा बसवून बघितला, नट बसवून बघितला. शेवटी विमलबाईंच्या डब्यातली एक सुपारी गाडीत अशी बसली की जणू सीट तिच्यासाठीच केली होती. आश्रुबानं वाकून बघितलं आणि विचारलं, "ही कुणाच्या नावाची?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न वेडगळ वाटेल. आपल्याकडं सुपारी उगाच कुठं बसवत नाहीत. गणपतीची मूर्ती नसली की सुपारीच गणपती होते. पूजेला बायको नसली की तिच्या नावाची सुपारी पाटावर बसते आणि भटजींना ती चालते. मांडली म्हणजे ती कुणाचीतरी असते. अण्णांना हे सगळं माहीत होतं. पण सकाळपासून गाडी उडून उडून त्यांचं डोकं उठलं होतं, घामानं सदरा पाठीला चिकटला होता, आणि त्यात हा प्रश्न. "चेअरमनच्या नावाची," ते खेकसले. "झालं समाधान?"

आश्रुबा उठून उभा राहिला. टोपी काढून त्यानं गाडीला हात जोडले. अण्णांनी रागारागानं बटण दाबलं. मोटर खाकरली, गाडी टिकटिक करत चढली, अगदी माथ्यावर गेली आणि तिथं थांबली. खाली चेन फिरतेय, मोटर घरघरतेय, आणि गाडी वर स्वस्थ बसलेली. अण्णांनी बोटानं ढकलायला हात पुढं केला, तर आश्रुबानं मनगट धरलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं अण्णांना वाटलं नव्हतं.

"हात लावू नका," आश्रुबा म्हणाला. "पिंडाला कुणी हात लावतं का?"

तेव्हा अण्णांना दहावा आठवला. सुंदररावांचा दहावा नदीच्या कोरड्या पात्रात केला होता. पिंड ठेवला, सगळे लांब सरकून बसले, आणि कावळा आलाच नाही. रुसून नव्हे, त्या दुष्काळात कावळेच उरले नव्हते. पण ते डोक्याला पटतं, मनाला पटत नाही. माणसाची इच्छा राहिलेली असली म्हणजे कावळा शिवत नाही, मग नातलगांनी मोठ्यानं शब्द द्यायचे असतात. पोरांना शिकवू, भाऊबंदकी मिटवू, जे मनात येईल ते. ज्या शब्दावर कावळा झडप घालील, ती राहिलेली इच्छा. त्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत लोकांनी शब्द दिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी उठली. दर्भाचा कावळा म्हणजे स्वीकृत संचालक. त्यानं जागा भरते, मत मोजलं जात नाही. साहेबांचं काहीतरी राहिलंय, हे तेव्हापासून प्रत्येकाच्या पोटात होतं. आता ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येऊन बसलं, टेबलावर, दुधाच्या कॅनच्या माथ्यावर.

बातमी छावणीत पोचली आणि छावणीतून माणसं वाडीत यायला लागली. बातमी बीडला जाईपर्यंत तिचं 'बद्रीनाथनं चेअरमनची सुपारी घेतली' असं झालं, आणि कुठल्याशा चौकीतून अण्णांना फोन आला. तीस वर्षांच्या स्वच्छ कारभारानंतर आपण हवालदाराला खेळण्यातली गाडी समजावून सांगतोय, याचं अण्णांना मरणाचं दुःख झालं. इकडं लोक रांगेनं येत, गाडीपुढं बसत आणि शब्द देत. एकानं साहेबांच्या नावानं कमान बांधतो म्हणून सांगितलं. एकानं इलेक्शनला त्यांच्या विरोधात मत दिल्याचं कबूल केलं आणि पुढच्या वेळेस त्यांनाच देईन म्हणाला. गाडी ढिम्म हलली नाही.

अण्णांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते लोकांसमोर तसं स्पष्ट बोलतही. मग एका दुपारी, कुणी नाही असं बघून, त्यांनी शटर अर्धं ओढलं, बटण बंद असल्याची खात्री केली आणि गाडी ढकलायला बोट नेलं. बोट टेकणार तोच मोटर 'हं' म्हणाली. एकदाच, हळू, ओळखीच्या आवाजात. अण्णांनी बोट मागं घेतलं आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर येताना टोपी आत पाडली. ती आणायला ते आश्रुबाला घेऊन गेले.

तुळजाबाई रोज सकाळी येतच होती. दूध ओतायची, एकदा माथ्यावरच्या गाडीकडं बघायची आणि जायची.

मधेच तालुक्याचे साहेब तपासणीला आले. सोबत पाण्याची बाटली, तिच्यावरची पकड शेवटपर्यंत सुटली नाही. संस्थेच्या जागेत हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. करमणूक असेल तर परवानगी वरून लागते, धार्मिक असेल तर ते खातं वेगळं, आणि उत्तरकार्य असेल तर ते सहकार कायद्यात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रवासी क्षमता किती, हा प्रश्न त्यांनी छापील कागदावरून वाचला. अण्णा म्हणाले, एक. प्रवासी सध्या आहे का, असं विचारताना साहेबांचा आवाज जरा उतरला. मार्गदर्शन मागवतो म्हणून त्यांनी कागद मिटला आणि अण्णा पाणी आणायला वळले तेवढ्यात हात जोडून गाडीशी काहीतरी पुटपुटले. त्यातला 'बदली' एवढा शब्द अण्णांना ऐकू आला. गाडी त्यांच्यासाठीही उतरली नाही.

आणि मग सुग्रीवच्या डोक्यात दिवा पेटला. संस्थेची जागा रस्त्याला लागून. तिथं त्याला पेट्रोल पंप टाकायचा होता आणि त्यासाठी संस्था गेलेली पाहिजे होती. त्यानं छावणीत जाहीर केलं की शनिवारी सगळ्यांनी जमायचं, जाहीर शब्द द्यायचे. ज्याच्या शब्दावर साहेब उतरतील, तो ठराव मंजूर.

अण्णांची झोप उडाली. सुग्रीव बोलत असताना ती गाडी वाऱ्यानं जरी घसरली तरी संस्था संपली. त्यांनी आयुष्यात कधी दुधाच्या मापात बोट बुडवलं नव्हतं. पण हे माप वेगळं आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि सिदूकडून एक युक्ती शिकून आले. बॅटरीपासून एक बारीक वायर टेबलाखालून आणायची आणि तिचा फास पायाच्या अंगठ्याला अडकवायचा. जमिनीवर पत्र्याचा तुकडा, त्याला मोटरीची तार. अंगठा पत्र्याला टेकला की मोटर झटका देणार, आणि तेवढ्या झटक्यानं गाडी माथ्यावरून सुटणार. त्यांनी करून बघितलं. झटका चांगला बसत होता. गाडी सुटायच्या आत त्यांनी पाय उचलला आणि आपल्या मुत्सद्दीपणाचं त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

शनिवारी दहाची वेळ दिली होती, म्हणून बाराला सुरुवात झाली. टेबल गाडीसकट अलगद उचलून बाहेरच्या ओट्यावर आणलेलं. गाडीला कुणी हात लावला नाही. अण्णांनी टेबलाखालची सगळी जुळणी करून ठेवली आणि कोट चढवायला घरी गेले. आले, ओट्यावर उपड्या कॅनवर बसले, धोतराच्या सोग्याआड अंगठा फासात सरकवला. खाली वाकून बघणं शहाणपणाचं नव्हतं. समोर उन्हात माणसं दाटीवाटीनं बसली होती, दहाव्याला बसतात तशी, न बोलता. वारा नव्हता. चिलटंसुद्धा नव्हती.

सुग्रीव भोंग्यावर बोलला. साहेबांच्या नावानं याच जागेवर भव्य पेट्रोल पंप उभारू, त्यावर साहेबांचा पूर्णाकृती पुतळा बसवू. गाडी हलली नाही. मग साहेबांच्या आत्म्याला आणखी काही हवं असेल तर तेही देऊ, असं तो म्हणाला. गाडी हलली नाही. अण्णांनी घसा साफ केला, उभं न राहता भोंग्याचा माइक हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुमची संस्था आमी बंद पडू देणार न्हाई." आणि अंगठा टेकवला.

काहीच झालं नाही. त्यांनी अंगठा पुन्हा टेकवला, मग दाबला, मग जवळजवळ लाथच मारली. लोक त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अण्णांनी शेवटी हळूच खाली नजर टाकली. टेबलाखाली बॅटरी नव्हती. वीज गेली म्हणून सुग्रीवनं आपल्या ट्रॅक्टरची ती बॅटरी टेबलाखालून काढून भोंग्याला जोडली होती, आणि त्याच बॅटरीवर अण्णांचा आवाज वाडीभर घुमत होता. अण्णांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त, आता संपलं असं वाटलं.

तेव्हा बायकांतून तुळजाबाई उठली. तिला कुणी बोलवलं नव्हतं. शब्द द्यायला बायकांना कोण विचारतं? ती ओट्यापाशी आली, माइक तिनं घेतला नाही. पदर सारखा करून वर बघितलं.

"अवो, मी हाय," ती म्हणाली. "माझ्या मागं संस्थेत दूध घालायचं थांबू नको, असं तुमी म्हणलते. म्या हो म्हणलते. गाय इकली म्या. चारा न्हाई, पाणी न्हाई, तिच्या डोळ्याकडं बघवंना. तवापासून एसटी स्टँडवरनं दुधाची पिशवी आणून किटलीत वतायले. आता माझ्यानं व्हत न्हाई. तुमचा शब्द म्या माघारी द्यायले. उतरा आता."

अण्णांच्या कानात शब्द पडत होते आणि आत जाऊन लागत होते. पिशवीचं दूध. त्याचं फॅट काढलं, त्याचं माप लिहिलं, आणि तीस वर्षांच्या सेक्रेटरीला ते कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं, ते त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं.

मोटर 'हं' म्हणाली. नेहमीसारखं ठराव पाडायचं नव्हे. थकलेल्या माणसानं बरं म्हणावं तसं. आणि गाडी माथ्यावरून सुटली. उतार उतरली, काचनळ्यांच्या पुलावरून खणखणत गेली, वळसा घेतला आणि पायथ्याला आपल्या जागेवर येऊन थांबली. भर उन्हात जर्द्याचा वास दरवळला आणि गेला. मोटरीची तार पत्र्याला होती, पत्रा जमिनीवर होता, आणि पलीकडं काही नव्हतं.

"शिवला," आश्रुबा हळूच म्हणाला.

कावळा शिवला की घाटावर थांबत नाहीत, मागं वळूनही बघत नाहीत. माणसं उठली आणि चालायला लागली. सर्वांत पुढं तुळजाबाई होती. सुग्रीवही गेला, बॅटरी घ्यायचं त्याला सुचलं नाही, आणि कुठला ठराव मंजूर झाला हेही त्यानं विचारलं नाही. बघता बघता रस्ता मोकळा झाला. ओट्यावर अण्णा कॅनवर बसून राहिले. उठावंसं वाटत नव्हतं. उठलं की संस्था संपणार होती, आणि बसून राहिलं तरी संपलेलीच होती.

विमलबाई तेवढ्या थांबल्या होत्या. त्या ओट्याच्या पायरीपाशी आल्या आणि त्यांनी नवऱ्याकडं खालून वर बघितलं, मघाशी तुळजाबाईनं बघितलं होतं तसंच.

"तुमीबी उतरा आता," त्या म्हणाल्या.

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. मग ते म्हणाले, "थांब. पायात वायर अडकलीय."

विमलबाई पायरी चढून आल्या, खाली बसल्या आणि धोतराचा सोगा बाजूला करून त्यांनी अंगठ्याचा फास सोडवला. इतका वेळ ताणून अंगठा काळानिळा पडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी चोळला. मग वायर धरून ओढली, तर टेबलाखालून तिचं मोकळं टोक सरसरत बाहेर आलं.

"ही कशाला जोडली व्हती?" त्यांनी विचारलं.

"कशालाच न्हाई," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठले.